'चुकून' कोणी म्हणायचं?

एका जंगलात, ओढ्यावर वाकलेल्या बाभळीत, एक खार आपल्या पिल्लासह राहत असे. राहत असे म्हणजे काय, दिवसभर शेजाऱ्यांची समजूत काढत असे! पिल्लाने सशाच्या बिळात काटे लोटले, की ही धावत जाई, "लहान आहे हो, चुकून झालं." होल्याच्या घरट्यात शेंगा पाडल्या, तरी "चुकून हो, चुकून!" पिल्लाने तोंड उघडायच्या आत आईचा शब्द तयार. आपण फार लाड करतो की फार ओरडतो, हे काही तिला ठरवता येत नसे. म्हणून ती दोन्ही करी.

त्याच बाभळीला एका सुगरण पक्षिणीचं घरटं टांगलेलं होतं. एके सकाळी पिल्लाने त्याला लोंबकळून झोका घेतला, आणि घरट्याचा देठ उसवला. आत अंडी, खाली ओढा! खारीने झेप घेऊन घरटं पंजांत धरलं, पिल्लालाही धरायला लावलं. सुगरण गवताच्या काड्या आणायला उडाली.

"चुकून झालं," पिल्लू म्हणालं.

"पुन्हा चुकून? अरे, चुकून म्हणजे काय, ठाऊक तरी आहे का तुला?" खार वैतागून ओरडली.

पिल्लाने विचार केला. "चुकून म्हणजे... ते म्हटलं, की तू रागवायची थांबतेस."

खारीला हसावं की रडावं कळेना. शिकवणारी तीच ना! "आज नाही थांबणार," ती म्हणाली. "तो शब्द सोडून काय ते बोल. घरटं मात्र सोडू नकोस."

सुगरण आली, भराभर काड्या ओवू लागली. पिल्लाचे पंजे भरून आले. शेवटी ते हळूच म्हणालं, "मावशी, झोका मी मुद्दाम घेतला. तू नको म्हणाली होतीस, तरी."

'लहान आहे हो' खारीच्या ओठांवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

सुगरणीने शेवटची गाठ आवळली, आत डोकावून अंडी पाहिली. "झोका मुद्दाम घेतलास. पण देठ उसवेल हे ठाऊक नव्हतं ना तुला? मग तेवढं चुकून," ती म्हणाली. "सोड आता पंजे. आणि खारूताई, तुम्हीही सोडा की!"

तात्पर्य : 'चुकून' म्हटल्याने दोष हलका होतो खरा, पण तो शब्द आपला आपण उचलायचा नसतो. खरं सांगावं, बिघडलेलं सावरू लागावं. मग समोरचाच तो आपल्याला देतो.