मधाच्या कड्यावरचं गाणं

फार जुनी गोष्ट आहे. एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि त्या नगरात एक गायिका राहत होती. तिचा गळा असा, की ती गायला बसली की घरोघरी चुलीवरचं दूध उतू जायचं आणि कुणी कुणाला बोल लावायचं नाही.

कड्यावर डोंगरातली माणसं राहायची. ती मध काढायची आणि बाजारच्या दिवशी विकायला खाली यायची. पण वेशीच्या आत पाऊल टाकायला त्यांना मनाई होती. नगरातले लोक मोठे गमतीचे! त्यांना मध चालायचा, मध आणणारी माणसं चालायची नाहीत.

एकदा गायिकेचा घसा बसला. मध घ्यायला ती स्वतःच वेशीबाहेर गेली. मध विकणारी बाई उन्हात बसून एक गाणं गुणगुणत होती. गायिका तिथंच मातीत बसली.

"मला शिकवशील का गं?"

"शिकवीन की. पर ह्ये एकटीनं म्हणायचं न्हाई, बाय. आमचा गडी कड्यावर दोराला लोंबकळून पोळं काढतो. वर दोर धरतो त्याचा मेव्हणा. खालचा सवाल करतो, वरचा जबाब देतो. जबाब आला की खालच्याला कळतं, आपला दोर धरलेला हाय."

गायिका दर बाजारी जाऊन ते गाणं शिकली. सुगीच्या उत्सवात राजासमोर तेच म्हणायचं, असं तिनं ठरवलं.

आदल्या दिवशी प्रधानानं ते ऐकलं. "वा! राजगायिकेचा मान तुम्हालाच. फक्त गाणं कुणाचं ते बोलू नका. जबाबही तुम्हीच म्हणून टाका."

राजगायिका! लहानपणापासून तिनं याच मानाची वाट पाहिली होती. तिला मोह झाला, हे कशाला लपवा?

उत्सवाचं मैदान वेशीच्या आत, भिंतीला लागूनच होतं आणि तो दिवस बाजाराचाही होता. गायिकेनं सूर लावला.

"खाली दरी, वर आभाळ, दोर कुणाच्या हाती हाय?"

आणि ती थांबली. लोक ताटकळले. प्रधान डोळे वटारू लागला.

"पुढे?" राजाला राहवेना.

"महाराज, पुढचं माझं नाही. ज्यांचं आहे, ते वेशीबाहेर उन्हात बसलेत."

तिनं दोराची सगळी हकिकत सांगितली आणि पुन्हा सवाल केला. या वेळी भिंतीपलीकडून एक आवाज आला, मग अनेक आले.

"माझ्या हाती, दोन्ही हाती, पोळं काढ, भ्यायचं न्हाय!"

राजा आसनावरून उठला. मग म्हणाला, "इतकी वर्षं आपण यांचा मध खाल्ला, पण तो काढताना कुणाचा जीव टांगणीला लागतो, हे कधी विचारलं नाही. वेस उघडा."

"पण महाराज, रीत..." प्रधान पुटपुटला.

"ती मी मोडतो."

डोंगरातली माणसं आत आली. मधवाली गायिकेशेजारी बसली आणि दोघींनी गाणं पुरं केलं. राजानं मानाची शाल दिली, तेव्हा गायिकेनं तिचं एक टोक मधवालीच्या खांद्यावर टाकलं. शाल मोठी होती, दोघींना पुरली. धन्य ती गायिका!

पुढच्या हंगामात कड्यावरून सवाल घुमला, तेव्हा मेव्हण्यानं तोंड उघडण्याआधीच खालच्या शेतांतून जबाब गेला. नगरातल्या बायका निंदणी थांबवून गात होत्या. दोराला लोंबकळणारा गडी आधी गोंधळला आणि मग मोठ्यानं हसला.

तात्पर्य: दुसऱ्याचं गाणं आपल्या गळ्यात घेतलं, तर त्या माणसाला आपल्या शेजारी जागाही द्यावी.