ओंद्राचं उशिरा पोहोचलेलं गाणं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेत आगगाडी पश्चिमेकडे निघाली होती, आणि तिच्या पुढेमागे देशोदेशीची माणसंही. नेब्रास्काच्या माळावर युरोपातल्या बोहेमियातून आलेल्या लोकांनी एक गाव वसवलं. नाव ठेवलं लिपा. लिपा म्हणजे त्यांच्या जुन्या देशातलं एक झाड. इथं तर झाड औषधालाही नव्हतं, म्हणून त्यांनी गवतासकट मातीची ढेकळं कापून घरं रचली. पाणी दूरच्या ओढ्यावरून पिंपांत आणायचं.

एके दिवशी रेल्वेचा साहेब आला. म्हणाला, "इंजिनाला पाणी लागतं. बर्फ पडायच्या आत पाणी दाखवा, तर स्टेशन इथं. नाहीतर रूळ पलीकडच्या गावावरून नेऊ."

रूळ गेले की गाव उठतं. अशी उठलेली गावं त्यांनी येताना पाहिली होती.

गावात ओंद्रा विहिरी खणायचा. आधी तो कोळशाच्या खाणीत होता. त्याची बायको लुदमिला वर रहाट धरायची. खोल जागी विषारी हवा साचते, माणूस हाकही न मारता कोसळतो. म्हणून खाणीतली रीत अशी, की खालच्यानं गात राहायचं आणि गाणं थांबलं की वरच्यानं दोर ओढायचा.

विहीर खोल गेली, आणखी खोल गेली. दोर संपला, तेव्हा बायकांनी चादरींना पीळ देऊन त्या जोडल्या. असं म्हणतात, की सकाळी गायलेलं गाणं वर पोहोचायला दुपार होऊ लागली.

एका सकाळी ओंद्रा उतरायला निघाला, तेव्हा शेजारचा मातेई ओरडला, "ओंद्रादादा, अजून खाली गेलास तर थेट जुन्या देशात निघशील!"

"मग तुझ्या आईला सांगतो, पोरानं अजून आंघोळ केली नाही म्हणून!"

सगळे हसले. लुदमिला हसली नाही. "इतक्या उशिरा येणारं गाणं काय कामाचं? पुरे आता."

"रूळ गेले तर पुन्हा कुठं जायचं? एकदा घर सोडलं, लुदमिला. आता मी सामान बांधणार नाही," तो म्हणाला आणि उतरला.

त्या दिवशी आभाळ बर्फानं भरून आलं होतं. दुपारी गाणं वर येऊ लागलं, स्वच्छ, नेहमीसारखं. लुदमिलाचे हात दोरावर होते, कान गाण्यावर. गाणं चालू होतं, म्हणून तिनं दोर ओढला नाही. मग दोर एकदम सैल पडला. तिनं वाकून पाहिलं. पाणी चढत होतं, वर त्याची टोपी तरंगत होती.

लोक धावले. "पाणी! पाणी!" म्हणून नाचू लागले.

"गप्प बसा," लुदमिला म्हणाली. "तो अजून गातोय."

गाणं खरंच येत होतं. ते सकाळचं होतं. असं म्हणतात, की शेवटची ओळ पोहोचेपर्यंत लुदमिलानं दोर सोडला नाही, आणि बर्फही तोवर आभाळातच थांबला.

स्टेशन झालं. गाव राहिलं. वाफेची इंजिनं गेली, विहीर आहे. आजही पहिला बर्फ पडला की लिपाचे लोक सकाळी विहिरीत वाकून त्या गाण्याची एक ओळ म्हणतात आणि दुपारपर्यंत गप्प उभे राहतात. मालगाडीवालाही तिथून जाताना शिट्टी वाजवत नाही. पाण्यात एक दोर सोडलेला असतो, तो सगळे आळीपाळीनं धरतात. गाणं थांबलंच, तर ओढायला वर कुणीतरी हवं.