गिरिजाची खोटी बातमी

कृष्णाकाठच्या एका गावात रेवण्णा माळगे भडंगाचं, म्हणजे मसालेदार चुरमुऱ्यांचं, दुकान चालवत. त्यांची मुलगी गिरिजा सी.ए. व्हायला शहरात राहत होती. हुशार होती, कष्टाळू होती, पण शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा निकाल लागला, तेव्हा तिनं तो मोबाइलवर पाहिला. पुन्हा नापास.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. मागे गिऱ्हाइकांचा गलका होता. "काय गं, झालीस ना या वेळी?" आप्पांनी विचारलं. गिरिजाला खरं सांगायचं होतं. पण सगळं दुकान कान देऊन ऐकतंय असं तिला वाटलं आणि तोंडून निघून गेलं, "हो आप्पा, झाले."

ती घरी पोचली, तर आप्पा गल्लीत पेढे वाटत होते. आईनं ओवाळलं. त्या दिवसापासून गिरिजाच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. कुणी 'सी.ए. मॅडम' म्हटलं की ती विषय बदले. फोन वाजला की ती दचके. ज्यांच्या शहरातल्या कचेरीत तिनं सी.ए.साठीची उमेदवारी केली होती, ते बेडगकर सर गावातच राहत. त्यांच्या रस्त्यानं जायचंच तिनं सोडलं. त्यांना खरा निकाल कळला असेल आणि त्यांनी आप्पांना गाठून काही विचारलं तर? जेवताना घास फिरे. आईला वाटे, अभ्यासाचा शीण आहे.

खरं सांगायचं ती रोज ठरवत होती. पण एक दिवस उलटला की सांगणं आणखी अवघड होऊन बसे. काल सांगितलं नाही, मग आज कुठल्या तोंडानं सांगायचं?

एके दिवशी महिला पतसंस्थेच्या अध्यक्षा पद्माक्का कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आल्या. "गिरिजा, आमच्या संस्थेचे हिशेब आता तूच तपास. आपल्या गल्लीची पोर सी.ए. असताना बाहेरचा माणूस कशाला?"

गिरिजानं गठ्ठा तसाच बाजूला सरकवला. "अक्का, माझा शिक्का अजून तयार नाही," ती कशीबशी म्हणाली.

आप्पा हसत उठले. फळीवरून त्यांनी एक लहानशी डबी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. आत नवाकोरा शिक्का होता. 'सी.ए. गिरिजा रेवण्णा माळगे.' तिला न सांगता त्यांनी तो हौसेनं करवून घेतला होता.

गिरिजा त्या अक्षरांकडे बघत राहिली. भांडी घासून, शेवया वळून बायकांनी त्या पतसंस्थेत पैसे ठेवले होते. उद्या तिच्या सहीवर विसंबून त्या निर्धास्त झाल्या असत्या. आजवर खोटं तिच्या एकटीच्या मानगुटीवर होतं, आता ते सगळ्या गल्लीला घेऊन बुडणार होतं. तिनं डबी बंद केली. आप्पांकडे वळून ती म्हणाली, "आप्पा, मी पास झाले नाही. तिसऱ्यांदाही नापास झाले. तुम्हाला खोटं सांगितलं."

पद्माक्कांनी गठ्ठा बांधला. दारात थांबून त्या म्हणाल्या, "सही केली नाहीस, हे मी विसरणार नाही." आणि गेल्या.

आप्पा मात्र बोलेनात. गल्लीत कुजबुज झाली, कुणी तोंडावर हसलं. गिरिजा खाली मान घालून दुकानात भडंग बांधत राहिली. ज्याला ती इतकी भ्यायली होती, ते सगळं घडलं. शेवटी एका दुपारी आप्पाच म्हणाले, "नापास झालीस त्याचा राग नाही, पोरी. मी पेढे वाटत होतो आणि तू शेजारी उभी होतीस. तेव्हा माझा हात तरी धरायचास."

गिरिजा ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी ती बेडगकर सरांच्या दारात उभी राहिली. सरांनी काही न विचारता तिला समोर बसवलं आणि एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला दिली. वेळ संपली तेव्हा ते म्हणाले, "पहिल्याच गणिताची बेरीज तू पुन्हापुन्हा तपासत बसलीस. शेवटचे प्रश्न तुला येतात, पण तू त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीस. चुकेन या भीतीनंच तुझा वेळ खाल्ला."

ती रोज त्यांच्यासमोर पेपर सोडवू लागली. एखादं उत्तर अर्धवट वाटलं, तरी सोडून पुढं जायला शिकली. पुढच्या परीक्षेत विषयांच्या दोन गटांपैकी एकाच गटात ती पास झाली. निकाल कळताच ती तडक दुकानात गेली. गिऱ्हाइकांची गर्दी होती. तरी ती थांबली नाही, सगळ्यांदेखत म्हणाली, "आप्पा, एक गट राहिला."

आप्पांनी हातातलं माप खाली ठेवलं. "मग त्याच्या तयारीला लाग," ते म्हणाले. "आधी जेवून घे."

उरलेल्या गटाच्या परीक्षेलाही ती भीत भीतच गेली. पण या वेळी तिनं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून मगच उत्तरपत्रिका दिली, आणि ती पास झाली.

तात्पर्य: झाकून ठेवलेल्या अपयशाची भीती दिवसेंदिवस वाढते; तेच अपयश आपल्या माणसांपुढे उघड केलं, की भीत भीत का होईना, आपली चूक शोधून सुधारता येते.