घुंगरांची सुनावणी

एकदा एका गावच्या करकचेरीत निर्णय देणारं यंत्र आलं. नोंदी आत जायच्या, हुकूम बाहेर यायचा आणि त्याखाली तिथल्या मुख्य अधिकाऱ्याचं, एका वृद्ध गृहस्थांचं नाव आपोआप उमटायचं. सगळ्यांना सोय वाटली.

पोळ्याचा बाजार तोंडावर आला, तसा भिकाजी ओतारी असाच एक हुकूम घेऊन कचेरीत आला. बैलांच्या गळ्यातली पितळी घुंगरं ओतून विकणं हा त्याचा धंदा. यंत्राने घुंगरं दागिन्यांत धरली होती आणि दागिन्यांचा कर भरला नाही म्हणून त्याचा विक्रीचा परवाना थांबवला होता. आता बघा, पोळा गेल्यावर घुंगरं घेणार कोण?

"साहेब, खाली तुमचं नाव आहे," भिकाजी म्हणाला.

"आहे खरं. पण हा कागद मी आजच बघतोय."

वृद्धांनी त्याला यंत्रासमोर बसवलं. "ठरवलं याने. तुमची बाजू यालाच सांगा." आणि ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

भिकाजी गोंधळला. वृद्धांच्या हाताखाली शिकणारा शिष्य त्याहून गोंधळला. भिकाजीने घसा खाकरला, पिशवीतली घुंगरांची माळ काढून यंत्राच्या पडद्यापुढे वाजवली. "हे बैलाचं असतं, बाबा. बायकोला दागिना म्हणून दिलं तर ती मलाच गोठ्यात बांधील."

थोड्या वेळाने पडदा काळा झाला.

"निजलं वाटतं," भिकाजी म्हणाला.

शिष्य बाहेर धावला. "साहेब, ही काय थट्टा? ते ऐकत नाही."

"मग सुनावणी झाली का?"

"नाही. पण हिशेब ते आपल्याहून अचूक करतं ना?"

"हिशेब त्याचाच घ्यावा. कायद्याने मात्र त्या माणसाचं म्हणणं ऐकायला सांगितलंय. 'हे मी ठरवलं, या कारणाने ठरवलं,' असं म्हणणारा कुणी उभा राहीपर्यंत हा नुसता अंदाज आहे. अंदाजावर कुणाचं दुकान बंद करता येत नाही. जा, तू ऐक आणि तू ठरव."

"मी चुकलो तर?"

"चुकशीलही. मग तो तुझं नाव घेऊन वर दाद मागेल. आज कुणाचं नाव घेणार होता? कागदावर नाव माझं, पण ठरवलं मी नव्हतंच."

शिष्य आत जाऊन भिकाजीसमोर बसला. "काका, पहिल्यापासून सांगा."

सगळं ऐकून त्याने लिहिलं: ही घुंगरं बैलांच्या साजातली, परवाना चालू करावा. सही करताना त्याचा हात क्षणभर अडला. यंत्र आल्यापासूनच्या इतक्या हुकमांत अडलेला हा पहिलाच हात होता.