वैद्याचा काढा आणि माळणीचा ओवा

फार फार वर्षांमागे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक वैद्य राहत असे. हाताला यश असलेला, पण हेकट. पाला असो, मूळ असो की बी असो, तो प्रत्येकाचा काढाच करी. आठ भांडी पाणी घालायचं आणि एक उरेपर्यंत आटवायचं. "पाण्याला जे सापडत नाही, ते वनस्पतीत नाहीच," असं तो सांगे.

गावाबाहेर एका माळणीचा मळा होता. तिची भाजी, पुदिना, सब्जा, ओवा घरोघरच्या स्वयंपाकात जाई.

एका वर्षी थंडी कडाक्याची पडली. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे धरले. वैद्याने माळणीकडून ओवा आणला आणि काढा करून सगळ्यांना पाजला. कुणालाच उतार पडेना. तेव्हा चावडीवर तो सर्वांदेखत म्हणाला, "माळणीच्या ओव्यात सत्त्वच नाही."

वैद्याचा शब्द तो. लोकांनी तिचा ओवा घेणं सोडलं, मग भाजीही सोडली. तिने ओव्याचे वाफे उपटले आणि बियाण्यापुरता ओवा तेवढा ठेवला.

त्याच थंडीत पुढे वैद्याच्या आईचेच गुडघे आखडले. दहा दिवस काढे झाले, तरी तिला उठून बसवेना. आईकडे बघताना वैद्याचा जीव तुटे, पण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

अकराव्या दिवशी माळीण म्हातारीला भेटायला आली. येताना वाटीत तेल घेऊन आली.

"कसलं तेल?" वैद्याने विचारलं.

"ओव्याचं. तिळाच्या तेलात घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर मुरवलंय."

वैद्य तिला अडवणार होता, पण आईने पाय पुढे केले होते. माळीण रोज येऊन चोळू लागली. पाचव्या दिवशी म्हातारी भिंतीला धरून अंगणापर्यंत गेली.

वैद्याने खालच्या आवाजात विचारलं, "हा कुठला ओवा?"

"माझाच. बियाण्यातला अर्धा काढला."

"मग माझ्या काढ्यात त्याचा गुण का उतरला नाही?"

"वैद्यबुवा, तुमचा काढा उकळायचा तेव्हा सारी गल्ली घमघमायची. ओव्याचा जीव त्या वासात. तो उघड्या भांड्यातून निघून जायचा. तेल त्याला धरून ठेवतं."

"म्हणजे सगळंच तेलात घालावं म्हणतेस?"

"छे हो. सब्जा तेलात टाकून बघा, फुगणारच नाही. त्याला पाणीच लागतं. ज्याचं त्याला विचारावं."

वैद्याची मान खाली गेली. त्याच दिवशी चावडीवर जाऊन तो म्हणाला, "ओवा चांगला होता. माझी रीत चुकली. बाईवर मी उगाच ठपका ठेवला."

लोक पिशव्या घेऊन मळ्यावर धावले. पण वाफे मोकळे होते. उरलेलं बी पेरून ओवा हाती यायला महिने लागणार होते. तो हिवाळा गावातल्या म्हाताऱ्यांनी कण्हतच काढला. वैद्य मात्र रोज सकाळी मळ्यावर जाई आणि नव्याने पेरलेल्या वाफ्यांना स्वतः पाणी घाली.

म्हणून लक्षात ठेवा: गुण दिसला नाही तर वस्तूला नावं ठेवण्याआधी आपली रीत तपासावी.