वारुळाच्या दारावरचा खडा

फार पूर्वी एका खळ्याच्या कडेला मुंग्यांचे वारूळ होते. साठवलेला दाणा आत रुजून भिंती फोडू नये, म्हणून त्याचे कोंबाचे टोक कुरतडूनच तो आत न्यायचा, अशी तेथील रीत होती. तपासणीला दारावर ठकूआजी बसे. एकही दाणा अखंड सापडला, तर ती सबंध रांग माघारी पाठवी. ‘नाही, नाही’ म्हणून म्हणून तिचा जीव शिणला होता.

सुगी सरली. उद्या खळे झाडले जाणार होते आणि कोठार अर्धे रिकामेच होते.

“आजी, तुझ्या नियमाने कोठार स्वच्छ राहील खरे,” रांगेतली भिवरा म्हणाली, “आत काही असेल तर ना!”

“आणि सगळेच सोडले, तर उगवलेल्या शेतात झोपशील का गं?”

मात्र बोलून झाल्यावर आजीने खोळंबलेल्या रांगेवरून नजर फिरवली. मग दाराशेजारच्या खड्याकडे पाहून म्हणाली, “अखंड दाणा इथे टाका आणि पुढे व्हा. ढीग या खड्याच्या वर गेला, तरच रांग थांबेल. मग टोके कुरतडायचे काम जिच्याकडे, तिलाच जाब विचारू.”

सायंकाळी कोठार भरले. ढीग खड्याच्या निम्म्यावरच राहिला होता. ठकूआजी खड्याला टेकून बसली आणि ढिगातला एकेक दाणा स्वतःच कुरतडू लागली.