समोर नसलेला शत्रू

नगराध्यक्ष थिटे बोलायला उभे राहिले की खुर्च्यासुद्धा अवघडायच्या. कराटेच्या पट्टापरीक्षेला ते पाहुणे म्हणून आले आणि तासभर विरोधकांची सालटी काढत राहिले. सगळा वर्ग शिस्तीत गुडघ्यांवर बसून ऐकत होता. उठताना निम्म्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

मग शिवणकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या शालनताईंनी काता केला. काता म्हणजे काल्पनिक शत्रूशी ठरलेल्या हालचालींची लढत. त्यांनी आधी वाकून नमस्कार केला, वार केले, वार अडवले आणि शेवटी त्या पुन्हा वाकल्या.

थिटे हसले. "समोर माणूस नाही आणि बाई हवेत हात मारतायत. असल्या खेळाला नगरपालिकेचा हॉल कशाला देऊ मी? सोमवारपासून बंद."

कराटे शिकवणाऱ्या सरांचा चेहरा उतरला. शालनताईंनी सरांपुढे वाकून बोलायची परवानगी मागितली. सरांनी मान हलवली.

"साहेब, मघाशी तासभर तुम्ही ज्यांना लोळवलंत, त्यांतलं तरी इथे कोण होतं? आम्ही निदान आधी नमस्कार करतो आणि दोन मिनिटांत उरकतो."

हॉल वर्गाकडेच राहिला. पुढच्या परीक्षेला थिटे माईकसमोर आले, वाकले आणि दोन मिनिटांत खाली बसले.